चिठ्ठी सापडली म्हणून मुलीची शाळा सोडवू नका



बियाणे, खते आणि कीडनियंत्रण हा माझा रोजचा विषय. आज मात्र शाळेविषयी चार शब्द लिहीत आहे. कृषी खात्याच्या माणसाने शाळेत कशाला डोकवावे, असे काहींना वाटेल. पण गावोगाव फिरणाऱ्याला शिवाराबरोबर घरही दिसत असते. बांधावर उभे राहून बोंडअळीची चर्चा चाललेली असते आणि मध्येच शेतकरी आवाज खाली आणून म्हणतो, "साहेब, फवारणीचं राहू द्या जरा. पोरगी नववीत हाय. तिच्या वहीत कुण्या पोराची चिठ्ठी सापडली म्हणं. मास्तरांनी बोलावणं धाडलंय. शाळा बंद करावी का?"

तीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. कोणी मुलीविषयी विचारला, कोणी पुतणीविषयी. मुलाच्या बापाने मात्र "माझ्या पोराची शाळा बंद करू का?" असे एकदाही विचारले नाही. प्रश्नाचे मूळ इथेच आहे.

माझे उत्तर ठरलेले आहे: शाळा बंद करू नका. पण एवढे सांगून भागत नाही. आई-बापाच्या मनात अब्रूची भीती असते, गावाच्या तोंडाची धास्ती असते. शिक्षकांनाही वर्ग सांभाळायचा असतो. म्हणून हा विषय मुळापासून पाहू.

नववीचा वर्ग

मूल तेरा-चौदा वर्षांचे झाले की त्याच्यात बदल होतात. मुलाचा आवाज फुटतो. मुलगी वेणी घालताना आरशापुढे जरा जास्त वेळ थांबते. कालवड मोठी झाली की आपण तिच्याकडे वेगळे लक्ष देतो आणि त्याची कोणाला लाज वाटत नाही. आपल्याच लेकराच्या वाढीविषयी बोलायची वेळ आली, की मात्र घरातली सगळी मोठी माणसे कामाला लागतात. कोणी गोठ्यात जाते, कोणी चुलीपाशी.

आपल्या गावच्या शाळांत मुले-मुली पहिलीपासून एका वर्गात शिकतात. चौथीपर्यंत एकमेकांच्या डब्यातले खातात, भांडतात, पुन्हा एक होतात. सातवी-आठवी आली की वर्गाच्या मधोमध न दिसणारा बांध पडतो. मुली एका रांगेला, मुले दुसऱ्या. मुलाने मुलीकडे गणिताची वही मागितली, तरी मागच्या बाकावरून खोकल्याचा आवाज येतो. साधे बोलणे अवघड झाले, की ते चोरून होते. चिठ्ठी तिथे जन्माला येते.

त्या चिठ्ठीत असते तरी काय? एखादे नाव, एखादे बदामाचे चित्र, फार झाले तर "तू माझ्याशी बोलत का नाहीस" एवढी एक ओळ. आता चिठ्ठीच्या जोडीला मोबाईलही आला आहे. २०२० साली करोनामुळे शाळा बंद पडल्या तेव्हा अभ्यासासाठी म्हणून घरोघर मुलांच्या हाती मोबाईल आला. शाळा उघडल्या, पण मोबाईल काही त्यांच्या हातून सुटला नाही. दोहोंत एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. कागद फाडून टाकता येतो. मोबाईलवरून गेलेला फोटो परत बोलावता येत नाही. तेव्हा काळजी करायची तर चिठ्ठीपेक्षा फोटोची अधिक करावी.

ही हुरहुर काही आजची नाही. मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी २००४ साली प्रसिद्ध झाली. आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या वर्गाची ती गोष्ट आहे. पुढे तिच्यावर चित्रपटही निघाला. ज्यांनी वाचली किंवा पाहिली, त्यांना आपल्या बाकावरचे दिवस आठवले असतील. म्हणजे आज बाप झालेल्या माणसांच्या दप्तरातही कधीकाळी अशी चिठ्ठी होती. ते विसरले, एवढेच.

चिठ्ठी वाचली आणि गाव जमले

मराठवाड्यातल्या एका गावी घडलेली हकिकत सांगतो. गावाचे आणि शाळेचे नाव सांगत नाही. त्याची गरजही नाही.

नववीच्या वर्गात एका मुलीच्या वहीत चिठ्ठी निघाली. सरांनी ती हातात घेतली आणि भर वर्गात मोठ्याने वाचली. वर्ग हसला. मुलाला अंगठे धरून उभे केले, मुलीला फळ्यापाशी. सरांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. इतरांना वचक बसावा, एवढाच त्यांचा विचार असावा. पण मुलगी घरी पोचायच्या आत बातमी पारावर पोचली. पारावरून ती दुकानात गेली, दुकानातून पिठाच्या गिरणीत. संध्याकाळपर्यंत एका ओळीच्या चिठ्ठीची चार पानी कहाणी झाली होती.

मुलीचा बाप तीन एकर कोरडवाहूचा धनी. दिवाळीनंतर नवरा-बायको ऊसतोडीला जाणारे. दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत गेली नाही. आणि टोळी निघायची वेळ आली तेव्हा प्रश्न पडला, की हिला कोणाच्या भरवशावर मागे ठेवायची? आजी थकलेली. गावात नाव झालेले. मग तिचे लग्न उरकून टाकले. मुलगी पंधरा वर्षांची होती. मुलगा चार दिवस घरी बसला, पाचव्या दिवशी वर्गात आला. दहावी झाला, आय.टी.आय. केली. चिठ्ठी त्याने लिहिली होती. तिने तर तिचे उत्तरही दिलेले नव्हते.

पुढे एकदा मी त्या बापाला भेटलो. तो म्हणाला, "साहेब, मास्तरांनी मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं असतं, तर पोरीला दोन शब्द बोललो असतो अन् गप बसलो असतो. सगळ्या गावानं ऐकलं. मग माझ्या हातात काय राहिलं?"

वाचकहो, या वाक्यावर थोडे थांबा. चिठ्ठीने त्या मुलीची शाळा गेली नाही. चिठ्ठी चारचौघांत वाचली गेली म्हणून गेली. गोष्ट चार भिंतींत राहिली असती, तर बापाला शहाणपणाने वागायला जागा होती. ती जागा भर वर्गात संपली.

शिक्षकाचा अधिकार कुठवर?

आपल्याकडे शिक्षकाला मान आहे आणि तो असावाच. "गुरुजी, मारा, पण पोराला शहाणं करा," असे म्हणून बाप मुलाला शाळेत घालीत असे. त्या काळी घरात लिहिता-वाचता येणारे कोणी नसे. अक्षरही गुरुजींचे, न्यायही गुरुजींचा. आज काळ बदलला आहे आणि कायदाही.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून देशात लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे, की मुलाला शारीरिक शिक्षा करता येणार नाही आणि त्याचा मानसिक छळही करता येणार नाही. भर वर्गात एखाद्याची फजिती करणे, टोमणे मारीत राहणे हे मानसिक छळातच मोडते. याच कायद्याप्रमाणे पहिली ते आठवीच्या मुलाला प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. नववी-दहावीला या कायद्याचे हे संरक्षण पोचत नाही. पण २०१५ चा बाल न्याय कायदा अठरा वर्षांखालच्या सर्वांना लागू आहे. मूल ज्याच्या हवाली आहे त्याने त्याला क्रूरपणे वागवले, तर तो त्या कायद्याने गुन्हा ठरतो.

मग शिक्षकाच्या हाती काही उरतच नाही का? पुष्कळ उरते. चिठ्ठी काढून घेता येते. मोबाईल कार्यालयात जमा करता येतो. बाक बदलता येतो. दोघांना वेगवेगळे बोलावून चार गोष्टी सांगता येतात. पालकांना बोलावता येते, तेही एकेकाच्या पालकांना स्वतंत्रपणे. मुलाची हजेरी आणि प्रगती पालकांशी नियमित बोलणे हे तर २००९ च्या कायद्याने शिक्षकाचे कर्तव्यच ठरवले आहे.

या सगळ्याला अधिकार लागतो आणि तो वापरावा. मात्र ज्या अधिकाराने मूल शाळेत टिकते तो कामाचा. ज्या अधिकाराने मूल शाळेबाहेर जाते, त्याने शिक्षकाचे कामच बुडते.

साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाचे कामही पाहत. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, त्यांची अंथरुणे आवरून ठेवीत. 'छात्रालय दैनिक' नावाचे हस्तलिखित रोज लिहून मुलांना वाचायला देत. ज्या मास्तराने आपली खोली झाडली त्याच्यापुढे खोटे बोलायला मुलाची जीभ रेटत नाही. धाक असाही बसतो.

हिशेब मांडून पाहा

शेतकऱ्याला हिशेबाची भाषा पटते, म्हणून आकडे देतो. २०१९ ते २०२१ या काळात देशात पाचवी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तिच्यात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षे वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांनी सांगितले, की त्यांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधी झाले. म्हणजे पाचांत एकीहून थोडे जास्त. परभणी, बीड यांसारख्या जिल्ह्यांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर होते. त्यामागे गरिबी आहे, ऊसतोडीचे स्थलांतर आहे, कोयत्याला जोडी लागते हे कारण आहे आणि हुंड्याचा भारही आहे. पण या कारणांना निमित्त लागते. चिठ्ठी हे फार सोपे निमित्त आहे.

बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा. मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पुरे झाल्याशिवाय लग्न लावले, तर दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. लग्न जुळवणारे, लावणारे आणि हौसेने हजर राहणारेही यात सापडतात. गावपातळीवर हे थांबवण्याची जबाबदारी ग्रामसेवकाकडे दिलेली आहे आणि अंगणवाडीताई त्यांच्या मदतीला असतात.

आता दुसरी बाजू पाहा. मुलगी शाळेत राहावी म्हणून सरकारने काय काय केले आहे! गावाहून शाळेला जाणाऱ्या मुलींना एस.टी.चा मोफत पास आहे. त्या योजनेला अहिल्याबाई होळकरांचे नाव दिलेले आहे. मानव विकासच्या तालुक्यांत मुलींसाठी वेगळ्या बसगाड्या धावतात, सायकली मिळतात. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. आई-बाप फडावर असताना मुलगी कुठे ठेवायची, या प्रश्नाला ते एक उत्तर आहे. टोळी निघण्याआधी मुख्याध्यापकांना भेटून त्याची चौकशी करावी.

पुण्याच्या भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली. त्याला पावणेदोनशे वर्षे होऊन गेली. एवढ्या वर्षांत महत्प्रयासाने उंबरठ्याबाहेर पडलेले पाऊल एका कागदाच्या चिटोऱ्याने परत आत यावे, हे मनाला पटते का?

ज्यांच्या मुलीची शाळा आधीच सुटली आहे, त्यांच्यासाठी एक सांगून ठेवतो. दहावीला खासगी बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो. जवळच्या हायस्कुलात विचारा. लग्न झालेल्या मुलीलाही तो भरता येतो.

बाईंनी काय केले

दुसऱ्या एका शाळेत परसबागेच्या निमित्ताने माझे जाणे-येणे होते. तिथेही असाच प्रकार झाला. मुलगी गावातल्या मोठ्या बागायतदाराच्या सालगड्याची. मुलगा त्याच बागायतदाराचा. दोघे दहावीत. दोघे बोलतात असा बोभाटा झाला. मुलाचा चुलता शाळेत आला आणि म्हणाला, "बाई, त्या पोरीचं नाव कमी करा. आमच्या पोराचं वर्ष वाया जाईल."

मुख्याध्यापिका बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि शांतपणे म्हणाल्या, "दादा, दोघंही माझेच विद्यार्थी आहेत. वर्ष दोघांचंही आहे. नाव कमी करायचं तर रजिस्टरात कारण लिहावं लागतं. कारण लिहिलं तर त्यात दोघांचीही नावं येतील. लिहू का?"

चुलते पाणी पिऊन निघून गेले.

मग बाईंनी दोघांच्या आयांना वेगवेगळ्या दिवशी बोलावले. सालगड्याच्या बायकोला शाळेत यायची धास्ती वाटत होती, म्हणून बाई स्वतः तिच्या घरी गेल्या. मुलाला सांगितले, "तुला ती आवडत असेल, तर तिच्या वाटेत काटे पेरू नकोस. तुझ्या एका हसण्याची किंमत तिला शाळा सोडून मोजावी लागेल." मुलीला सांगितले, "तू चोरी केलेली नाहीस. मान खाली घालू नकोस. मार्चमध्ये परीक्षा आहे, तेवढं बघ." बाक बदलले. सुटल्यावर मुलींना आधी सोडायचे आणि मुलांना दहा मिनिटांनी, असा नियम सगळ्या वर्गाला लावला. त्यामुळे कोणा एकीकडे बोट राहिले नाही. वर्गात या विषयावर एक शब्दही निघाला नाही.

दोघेही दहावी पास झाले. मुलगी पुढे नर्सिंगला गेली आणि आज एका सरकारी दवाखान्यात नोकरी करते. तिचा बाप अजून सालगडीच आहे. पण आता उचल घेण्यापूर्वी तो लेकीला फोन करून विचारतो.

बाईंनी अधिकार पुरेपूर वापरला. चुलत्याला परत पाठवायलाही अधिकारच लागतो. सालगड्याच्या मुलीमागे गावात दुसरे कोण उभे राहणार होते?

घरी काय करावे?

आता आई-बापांसाठी, मला सुचते ते सांगतो.

पहिली गोष्ट, त्या दिवशी निर्णय घेऊ नका. पाऊस पडला की आपण लगेच औत घालीत नाही. वाफशाची वाट पाहतो. ओल्या काळ्या रानात औत घातले, तर ढेकळे निघतात आणि ती वर्षभर फुटत नाहीत. रागाचेही तसेच. चार दिवस जाऊ द्या. वाफसा आला की बोला.

दुसरी गोष्ट, आधी ऐका. शक्यतो आईने बोलावे, किंवा मुलीच्या विश्वासातल्या मावशीने, आत्याने. "कोण तो?" हा पहिला प्रश्न नको. "तुला कोणी त्रास देतंय का?" हा पहिला प्रश्न असावा. पुष्कळदा मुलगी त्या चिठ्ठीला कंटाळलेली असते. पण सांगितले तर शाळा बंद होईल, या भीतीने गप्प बसते. शाळा बंद होणार नाही, असा शब्द तिला आधी द्या. मग ती सगळे सांगेल.

तिसरी गोष्ट, शाळेत दोघांनी जा. एकट्या बापाने तावातावाने जाऊ नये. शिक्षकांना सांगा, "आमच्याशी बाजूला बसून बोला, वर्गात विषय काढू नका." शाळा दाखला घेऊन जा म्हणाली, तर "लेखी द्या" म्हणा. लेखी द्यायची वेळ आली की माणूस दोनदा विचार करतो.

चौथी गोष्ट, दोर बांधा, पण सैल बांधा. टोमॅटोचे झाड काठीला बांधताना आपण सुतळीचा इंग्रजी आठासारखा वेढा देतो. झाडाला आधार मिळतो आणि खोड वाढायला जागाही राहते. सुतळी आवळून बांधली, तर खोडात रुतते आणि वाऱ्याने झाड तिथेच मोडते. मुलीला येण्या-जाण्याची वेळ ठरवून द्या, मैत्रिणींबरोबर जायला सांगा, रात्री मोबाईल आईजवळ ठेवा. शाळेला मात्र हात लावू नका.

पाचवी गोष्ट मुलाच्या घरच्यांसाठी, आणि ती सगळ्यांत कमी ऐकली जाते. "पोराच्या जातीला काय होतंय" असे म्हणून मिशीवर हात फिरवू नका. मुलाला समोर बसवून सांगा, की मुलीने नको म्हटले की विषय संपला. मागे फिरणे, गाडी आडवी घालणे, फोटो काढणे हा गुन्हा आहे. हेही सांगा, की २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलीशी शरीरसंबंध, तिची संमती असली तरी, गुन्हाच ठरतो. बोलणे, मैत्री, अभ्यास यांना कायद्याची आडकाठी नाही. कुठे थांबायचे ते मात्र मुलाला ठाऊक हवे, आणि ते सांगणे बापाचे काम आहे.

सहावी गोष्ट, "आता हिला स्थळ बघा" हे वाक्य घरात कोणी उच्चारू नये. ते एकदा उच्चारले की नातेवाईक कामाला लागतात. मग थांबवणे कठीण.

शिक्षकच चुकत असेल तर

एक बाजू सांगून दुसरी झाकून ठेवणे योग्य नाही. बहुतेक शिक्षक आपल्या मुलांसाठी झिजतात. पण अधिकाराच्या जागी बसलेला एखादा माणूस त्या जागेचा गैरफायदा घेतो, हेही खरे आहे. एखाद्या मुलीला वारंवार एकटीलाच थांबवून घेणे, रात्री-अपरात्री मोबाईलवर निरोप पाठवणे, वस्तू देणे आणि "घरी सांगू नकोस" म्हणणे ही लक्षणे ओळखा. मुलांच्या बाबतीतही हे घडते.

असे काही कानावर आले, तर प्रकरण गावातल्या गावात मिटवू नका. पोक्सो कायद्यात शाळेतल्या माणसाने केलेला असा गुन्हा अधिक गंभीर धरला आहे आणि शिक्षाही जास्त आहे. ज्याला त्याची माहिती आहे त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, अशीही तरतूद आहे. संस्थेचे नाव जाईल म्हणून मुख्याध्यापक गप्प बसले, तर तेही दोषी ठरतात. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन दिवसरात्र चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. तो नंबर मुलांना पाढ्यासारखा पाठ करायला लावा.

आधीच ठरवून ठेवा

कीड पानावर दिसल्यावर पंप घेऊन धावण्यापेक्षा पेरणीआधी बीजप्रक्रिया केलेली बरी, हे मी प्रत्येक खरिपाआधीच्या बैठकीत सांगतो. शाळेच्या बाबतीतही तेच करावे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. हायस्कुलात पालक-शिक्षक संघ असतो. २०२२ साली शासनाने शाळाशाळांत सखी सावित्री समिती नेमायला सांगितले. मुलींची सुरक्षितता, त्यांची गळती थांबवणे आणि बालविवाह रोखणे हे तिचे काम आहे. या समित्यांच्या सभेला आपण जातो का? बहुतेक ठिकाणी रजिस्टर सहीसाठी घरी येते आणि आपण न वाचता सही करतो.

पुढच्या सभेला स्वतः जा. बायकोलाही बरोबर न्या. आणि एकच विषय मांडा: आपल्या शाळेत चिठ्ठी सापडली तर काय करायचे? एवढे तीन ठराव लिहून घ्या. चिठ्ठी वर्गात वाचायची नाही. पालकांना वेगवेगळे बोलवायचे. मुलगा असो की मुलगी, कोणाचीही शाळा तुटता कामा नये. शिक्षकांनाही हे हवेच असते. गावाचा आणि पुढाऱ्यांचा दाब आला की त्यांना एकट्याने उभे राहणे जड जाते. ठराव हाती असला, तर ते म्हणू शकतात, "हे पालकांनीच ठरवलंय."

शिक्षक मित्रांनाही एक विनंती. पुढच्या वेळी चिठ्ठी हाती आली, तर ती घडी घालून खिशात ठेवा आणि पुढचा धडा सुरू करा. तास संपल्यावर बोलायला पुष्कळ वेळ असतो. ज्या मुलीची चिठ्ठी तुम्ही वाचून दाखवली नाही, ती दुसऱ्या दिवशी वर्गात हजर असेल.